आरोपीला शपथ नाही

करंजवाडीच्या सोनबाला कुणी कधी घाईत पाहिलं नव्हतं. त्याचा बैल बांधावरून दुसऱ्याच्या हरभऱ्यात शिरला, तरी हा आधी धोतराचा सोगा खोचणार, मग पायातलं पायताण काढून बाजूला ठेवणार आणि मग बैलाला हाक मारणार. तोवर बैलाचं अर्धं जेवण उरकलेलं असायचं. त्याची बायको ठकुबाई म्हणायची, "यमाचा दूत दारात आला, तरी ह्यास्नी आदी चिलीम भरून लागंल." पण करंजवाडीचा विश्वास होता तो याच सावकाशपणावर. कारण वर्षातून एकदा गावाला नेमका असाच माणूस लागायचा, खाली बघून चालणारा, एकेक पाऊल जपून टाकणारा.

ते काम काय होतं, ते सांगायचं तर आधी पाण्याचं सांगावं लागेल. भाटघरला नवा मोठा बंधारा झाला आणि येळवंडीचं पाणी फुगत फुगत वर चढलं. करंजवाडीची खालची सगळी जमीन बुडाली. गाव उचलून टेकाडावर आलं, देऊळ आलं, चावडी आली, माणसं आणि गुरं आली. जमीन काही उचलून आणता येत नाही, ती खाली राहिली. पण ती पुरती मेली नव्हती. माघ लागला, कालव्याला पाणी सुटायला लागलं, की तळं उतरायचं आणि जुनी वावरं एकामागून एक डोकं वर काढायची, अंगावर वीतभर काळाभोर गाळ घेऊन. त्या गाळात हरभरा नुसता फेकला तरी उगवायचा. अशी गाळपेर करायची गावाला मुभा होती, मात्र कुणाचं वावर कुठवर ते तुमचं तुम्ही ठरवा म्हणून सांगितलेलं होतं. मोजणीच्या नकाशात त्या जागी निळा रंग भरलेला होता, आणि निळ्या रंगात बांध कुठून दिसणार?

तेव्हा बांध सोनबा चालून दाखवायचा. पाणी येण्याआधी त्याने याच वावरांत वीस वर्षं नांगर धरला होता. स्वतःची जमीन म्हणाल तर वर डोंगराला नाचणीपुरती, खाली मूठभरसुद्धा नाही. जोडी मात्र खणखणीत होती, म्हणून ज्याला त्याला नांगरून द्यायचा. कुठल्या वावरात कुठे खडक लागतो, कुठे नांगराचं तास वाकडं घ्यावं लागतं, हे त्याच्या तळपायांना पाठ होतं. त्या दिवशी तो उपाशी राही, नदीत बुडी मारून ओलेत्यानेच वर येई, ज्या वावराचा बांध असेल तिथल्याच मातीचं ढेकूळ डोक्यावर घेई आणि जानाईच्या देवळाकडे तोंड करून म्हणे, "खोटं चाललो तर ह्याच मातीत मला घे." मग चालू लागे. तो चालत असताना कुणी बोलायचं नाही. तो चालून झाला, की त्याच्या टाचेच्या खुणांवर दगड रोवायचे. पावसाळ्यात पाणी चढलं की ते गाळात गडप व्हायचे, म्हणून दर वर्षी नव्याने. सोनबा चालला तो बांध, त्याच्यावर अपील नाही.

चालणाऱ्याला गावाचा एकच नेम होता. ज्याची शपथ कुणी परतवली नाही, म्हणजे घ्यायला नाकारली नाही, त्यानेच चालावं. सोनबाच्या आधी त्याचा चुलता चालायचा, डोंगरउतारावर राब भाजून पेरायच्या दळीच्या तुकड्यांवरून. त्यालाही हाच नेम. सोनबाला आयुष्यात दुसरा काही मान मिळाला नाही. पंक्तीला तो मध्येच कुठेतरी बसायचा, जत्रेला पालखी दुसरे उचलायचे. पण माघातल्या त्या दोन दिवसांत रखमाजी पाटलांनासुद्धा त्याच्यामागून चालावं लागे. ठकुबाई त्या दिवशी नवं लुगडं नेसून काठावर उभी राही आणि आपण नेहमीसारख्याच आहोत असं दाखवायचा प्रयत्न करी. तो प्रयत्न काही जमायचा नाही.

भानगड झाली ती फुलाबाई आणि आनंदराव यांच्या बांधावरून. फुलाबाई विधवा, एकटी. तिचं वावर खाली पाण्याकडे, आनंदरावांचं त्याला लागून वरच्या अंगाला. आनंदराव माणूस वाईट नव्हता. नाकासमोर चालणारा, देवधर्म करणारा. त्यांना खोड एकच, मोजायची. देवळाच्या पायऱ्या मोजतील, ताटातल्या भाकरी मोजतील, दुसऱ्याच्या बोलण्यातले शब्द मोजतील. त्या वर्षी सोनबा बांध चालला, दगड रोवले गेले आणि आनंदरावांनी आपल्या समाधानासाठी म्हणून फुलाबाईच्या वावरात गाळात रुतलेल्या बाभळीच्या एका बुंध्यापासून दगडापर्यंत पावलं मोजली. बत्तीस भरली. वीस दिवसांनी सहज म्हणून पुन्हा मोजली, तर सदतीस. फुलाबाईचं वावर पाच पावलांनी वाढलं होतं. वावर तर वाढत नाही, म्हणजे दगड हलला, असा त्यांचा हिशेब.

त्याच सुमारास गावच्याच कोंडिबाने सोनबाला पहार घेऊन त्या दगडापाशी पाहिलं होतं. पाहिलं ते खरंच होतं. म्हशींनी अंग घासून दगड कलता केला होता आणि सोनबा तो सरळ करायला गेला होता. एकट्याने जाऊ नये, एवढंही त्याला सुचलं नाही. आपल्यावर कुणी संशय घेईल, हे ज्याच्या डोक्यात कधी आलंच नाही, त्याला साक्षीला माणूस न्यायचं कसं सुचावं? कोंडिबा हा साधा, भिडस्त गडी. त्याने पाहिलं ते आनंदरावांना सांगितलं, आनंदरावांनी पाटलांना सांगितलं, आणि सीमेचे दगड हलवणं हा गुन्हा असल्यामुळे पाटलांना ते वर कळवावंच लागलं. पंधरा दिवसांत भोरच्या कचेरीतून सोनबाच्या नावाने समन्स आलं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. सोनबाला मात्र त्या पायरीची भीती वाटली नाही. उलट त्याला बरं वाटलं. तो ठकुबाईला म्हणाला, "तितं शप्पत घेऊन बोलायचं असतंय. म्या शप्पत घेऊन सांगन. मिटलं."

ठकुबाई म्हणाली, "वकील तरी बघा."

"शप्पतीला वकील कशाला?"

तरी तिने ऐकलं नाही. तिचा भाऊ भोरला एका वकिलांच्या घरी गाई राखायला होता. श्रीपादराव त्यांचं नाव, वय तिशीच्या आत, वकिली नवी. त्यांनी सोनबाचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यात स्वतः करंजवाडीला येऊन तो बाभळीचा बुंधा पाहिला. हात लावून हलवून पाहिला. बुंधा हलला. तो झाडाचा खुंट नव्हताच, पुरात वाहत आलेलं ओंडकं होतं, आणि पाणी उतरत जाईल तसं ओल्या गाळावरून खाली सरकत होतं. श्रीपादराव गाळात गुडघाभर रुतून उभे होते आणि हसत होते. "सोनबा, दगड नाही हलला. ओंडकं हललं. तुम्ही सुटलात असं समजा."

तारखेच्या दिवशी सोनबा पहाटे उठला. काही खाल्लं नाही. पाण्यात बुडी मारली. ज्या बांधाचा वाद, तिथल्या गाळाचं एक ढेकूळ फडक्यात बांधलं आणि सात मैल चालत भोरला गेला. ठकुबाई मागे भाकरीचं गठुडं घेऊन होती. तिने वाटेत दोनदा विचारलं. त्याने दोन्ही वेळा मान हलवली. शपथेआधी खायचं नसतं.

कचेरीच्या दारात पट्टेवाला ओरडला, "आरोपी सोनबा वल्द मानसिंग, करंजवाडी, हाजिर हो!" अशी तीनदा आरोळी झाली. सोनबा पहिल्याच आरोळीला उभा राहिला होता, पण आरोळी तीन वेळा देण्याचीच रीत होती. आवारात बसलेल्या माणसांनी मान वळवून पाहिलं. आरोपी हा शब्द त्याने, समन्स त्याला वाचून दाखवलं गेलं तेव्हा, ऐकला होता. आपल्या नावाला जोडून, एवढ्या मोठ्या आवाजात, परक्या माणसांपुढे तो त्याने पहिल्यांदाच ऐकला. त्याला लाकडी कठड्याच्या आत उभं केलं.

आधी आनंदराव आले. कारकुनाने सांगितलं तसं ते म्हणाले, "ईश्वराला स्मरून खरं सांगेन, खोटं सांगणार नाही." मग पावलं सांगितली, बत्तीस आणि सदतीस. कोंडिबा आला. त्यानेही शपथ घेतली आणि पहारीचं सांगितलं. पाटलांनी शपथ घेतली. सोनबा एकेकाची शपथ नीट ऐकत होता. ते खोटं बोलत नव्हते, याचं त्याला बरं वाटत होतं. आपल्याच गावची माणसं होती. आता आपली पाळी आली की सगळं सरळ होईल, असं त्याला वाटत होतं.

खटला चालवणाऱ्या मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, "आरोपीला काही सांगायचं आहे?"

सोनबाने फडकं सोडलं. ढेकूळ काढलं, डोक्यावर ठेवलं आणि कचेरीच्या कुठल्या भिंतीकडे जानाई येईल याचा अंदाज घेऊ लागला. कारकून खुर्चीतून अर्धा उठला.

"हे काय? काढ ते खाली."

"शप्पत घेतो, साहेब."

"तुला शपथ नाही. तू आरोपी आहेस. आरोपीला शपथ देत नाहीत."

सोनबाला वाटलं आपण नीट सांगितलं नाही. तो म्हणाला, "साहेब, म्या उपाशी हाय. आंगूळ केलीया." कुणीतरी मागे हसलं. साहेब हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "तुम्हाला जे सांगायचं ते शपथेशिवायच सांगा. तसाच कायदा आहे. शपथ न घेता सांगितलं तरी आम्ही ते लिहून घेऊ." साहेब भले होते. त्यांचं काही चुकलं नव्हतं. कारकुनाचं तरी काय चुकलं होतं?

सोनबाने ढेकूळ खाली घेतलं. शपथेशिवाय बांधाबद्दल बोलायचं कसं, ते त्याला माहीतच नव्हतं. आजवर तो कधी तसं बोललाच नव्हता. शेवटी म्हणाला, "म्या दगड हलीवला न्हाई. म्हशीनं कलता केला व्हता, त्यो सरळ केला." एवढंच. कारकुनाच्या लेखणीला दोन ओळींचंही काम पडलं नाही.

दुपारी कचेरीबाहेरच्या चिंचेखाली ठकुबाईने गठुडं सोडलं. सोनबा जेवेना. श्रीपादराव बाहेर आले ते खुशीत होते. ओंडक्याचं त्यांनी असं काही रंगवून सांगितलं होतं की साहेबांनी स्वतः दोन प्रश्न विचारले होते. सोनबाचा चेहरा पाहून ते थांबले. समोर दगडावर बसले आणि समजावून सांगू लागले.

"सोनबा, आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. ज्याच्यावर आरोप आला आहे तो आरोपी. आरोप काय, कुणावरही येईल. उद्या माझ्यावर येईल. जोवर गुन्हा शाबीत होत नाही, तोवर कायदा त्याला निर्दोषच धरतो."

"मग शप्पत का न्हाई?"

"ते तुमच्या भल्यासाठीच. असं बघा, आरोपी सापडलेला असतो पेचात. त्याला शपथ दिली, तर जीव वाचवायला तो खोटं बोलेल, आणि वर खोट्या शपथेचं पाप लागेल. म्हणून कायदा म्हणतो, त्याला शपथेत अडकवूच नये. ही सवलत आहे."

सोनबाने बराच विचार केला. घाईत तो विचारही करत नसे. मग म्हणाला, "म्हंजी म्या खोटं बोलनार, हे आदीच धरल्यालं की."

कायद्याच्या पुस्तकात याचं उत्तर होतं, श्रीपादरावांनी परीक्षेत ते लिहिलंही होतं. चिंचेखाली उपाशी बसलेल्या माणसाला ते देता येईना. "तसं नाही हो," एवढंच ते म्हणाले. हातातलं ढेकूळ सोनबाने चिंचेच्या मुळाशी ठेवलं. भोरच्या मातीत करंजवाडीची माती.

पुढच्या महिन्यात निकाल झाला. सोनबा निर्दोष सुटला. पुराव्यात दगड हलल्याचं दिसत नाही, हललं ते ओंडकं, असं साहेबांनी स्पष्ट लिहिलं होतं. ठकुबाईने जानाईला नारळ फोडला. आनंदरावसुद्धा घरी येऊन सोनबाला म्हणाले, "तात्या, माजी मोजनी चुकली. मनात धरू नका." सोनबाने त्यांना चहा पाजला. सगळं गोड झालं असं वाटावं, असंच सगळं होतं.

पण गावात सोनबा दोन. एक देवळापाशी राहायचा, तो पायाने अधू, म्हणून त्याला लंगडा सोनबा म्हणत. हा दुसरा, त्याला आजवर बांधाचा सोनबा म्हणत. आता कुणी विचारलं, कोणता सोनबा, की लोक म्हणायचे, "आरोपी सोनबा." त्यात कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. लंगड्याला लंगडा म्हणतात तसं ते होतं. पाणवठ्यावर बाया ठकुबाईला सांगायच्या, "आरोपी तात्यास्नी म्हनावं, आमची बी नांगरट हाय." ठकुबाई घागर तशीच टाकून घरी यायची आणि रडायची. सोनबा तिला म्हणायचा, "येडे, आरोपी म्हंजी गुन्हेगार न्हवं. वकीलसायबांनी सांगितलंय." वकिलांनी सांगितलेलं सगळं तो तिला सांगे. त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसावा, म्हणून जरा मोठ्याने सांगे.

मार्गशीर्ष सरला तसा तो पाटलांकडे गेला. पाणी उतरायला आता महिना राहिला होता. रखमाजी पाटील ओसरीवर बसले होते. त्यांनी घोंगडी पुढे सारली, पान दिलं, आणि नजर दिली नाही.

"तात्या, तुमच्यावर आमचा लई इस्वास हाय. पर नेम काय म्हनतो? ज्याची शप्पत परतली न्हाई, त्यानं चालावं. तुमची कचेरीत परतली. म्या तितं व्हतो. समद्यांची घेतली, तुमची घेतली न्हाई."

"आरोपीची घेत न्हाईत, पाटील. कायदाच तसा हाय."

"आसंल की. पर का घेत न्हाईत?"

सोनबाला याचं उत्तर माहीत होतं. तेच तर तो चिंचेखाली बोलला होता. तो म्हणाला, "मग हितं घेतो. जानाईफुडं भंडारा उचलतो, समद्या गावाम्होरं. म्हनतो, म्या दगड हलीवला न्हाई."

पाटील अवघडले. "आता कशाची शप्पत, तात्या? कुनी म्हनतंय का तुमी हलीवला म्हून? आनंदराव म्हनत न्हाईत. म्या म्हनत न्हाई. आरोपच न्हाई, तर देवीफुडं शप्पत कशावर घ्यायची? देवीला रिकामं इचारू न्हाई."

असं होतं सगळं. कचेरीत आरोप होता तेव्हा शपथ नव्हती. गावात शपथ होती, तर आरोप नव्हता. सोनबा दोन्हीच्या मध्ये, ओसरीवर घोंगडीवर बसून राहिला. त्याने पान खाल्लं नाही, तसंच हातात धरून घरी आणलं.

मग त्याने शेवटचा उपाय केला. भोरला जाऊन श्रीपादरावांना म्हणाला, "मला एक कागद द्या. शप्पत का घेतली न्हाई, ते त्यात असूं द्या." श्रीपादरावांनी निकालाची नक्कल काढून दिली. त्याहून चांगला कागद त्यांच्याकडे नव्हता. सोनबाने तो छातीशी धरून सात मैल आणला. चावडीवर माणसं जमली आणि शाळेच्या मास्तरांनी तो मोठ्याने वाचला. "आरोपी सोनबा वल्द मानसिंग याजवर आरोप असा की... आरोपीने सांगितले की... आरोपीतर्फे वकिलांनी दाखवून दिले की... आरोपीविरुद्ध पुरावा नाही... सबब आरोपीस निर्दोष सोडण्यात येत आहे." मास्तरांचा आवाज खणखणीत. पानभर कागदात तो शब्द अकरा वेळा आला. लोक मान हलवत ऐकत होते. शपथेबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. कागद संपल्यावर मास्तर म्हणाले, "सुटलेत हो तात्या, स्वच्छ सुटलेत." कुणीतरी म्हणालं, "व्हय, पर कागद बी आरोपीच म्हनतोय की." तो माणूस टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच तसं ऐकू आलं होतं.

गावाने बांध चालायला कोंडिबाला निवडलं. त्याची शपथ भोरच्या कचेरीने सगळ्यांसमोर घेतली होती, त्याहून मोठा दाखला कुठला? कोंडिबा बिचारा गांगरला. तो गुपचूप सोनबाकडे आला आणि पाया पडला. "तात्या, माज्यामुळं झालं. मला खुना सांगा." सोनबाने हातचं न राखता सगळं सांगितलं. कुठे खडक, कुठे वाकण, कुठे जुन्या विहिरीचा काठ. "फुलाबाईच्या बांधाला इहिरीचा काठ पायाला लागला की वळायचं, डाव्या अंगाला. इसरू नको." कोंडिबा तीनदा ते घोकत घरी गेला.

तो दिवस आला. पाणी उतरलं होतं, काळा गाळ उन्हात चकचकत होता. कोंडिबा ओलेत्याने वर आला, ढेकूळ डोक्यावर घेतलं, जानाईला म्हणाला, "खोटं चाललो तर ह्याच मातीत मला घे." शब्द सोनबाचेच होते. काठावर गाव उभं होतं. ठकुबाई आली नव्हती. सोनबा आला होता. न येऊन कुठे जाणार?

पहिले बांध बरे गेले. मग फुलाबाईचा आला. कोंडिबा भराभर चालत होता, घाबरलेला माणूस तसाच चालतो. विहिरीपाशी आला आणि सरळ पुढे गेला. त्या वर्षी गाळ जास्त बसला होता, काठ खोल दबला होता. अशा वेळी पाऊल सावकाश टाकून टाचेने चाचपावं लागतं. ते काही सांगून येत नाही. सोनबाने ते पाहिलं. त्याचा पाय आपोआप पुढे गेला, तोंड उघडलं. पण चालताना कुणी बोलायचं नाही, हा नेम त्यानेच वर्षानुवर्षं पाळून घेतला होता. आणि बोलून तरी काय होणार होतं? शपथ घेऊन चाललेल्या माणसाला आरोपी सोनबाने खोटं पाडलं, एवढंच. कोंडिबा पुढे गेला. फुलाबाईची सहा पावलं गेली, वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि गेली तीही सगळ्यात काळ्या गाळाची.

कोंडिबाने ढेकूळ उतरवलं आणि तो ओझं उतरल्यासारखा हसला. आनंदरावांनी नवी रेघ पाहिली. या खेपेला त्यांनी पावलं मोजली नाहीत.

फुलाबाई सोनबाजवळ आली. ती त्याला वीस वर्षं ओळखत होती, तिच्या नवऱ्याचं वावर यानेच नांगरलेलं. हळू आवाजात तिने विचारलं, "तात्या, रेघ बराबर हाय का?"

"न्हाई," सोनबा म्हणाला. "इहिरीपाशी वळाय पायजे व्हतं."

"मग सांगा की."

"कुनाला?"

तिने गावाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. डोळ्यांना पदर लावून ती खाली गेली. बांधाचे अर्धे दगड वरच्याने आणि अर्धे खालच्याने रोवायचे, अशी रीत होती. आनंदरावांचे गडी केव्हाच कामाला लागले होते. फुलाबाईला कुणी नव्हतं. ती एकटी एक दगड उचलायला बघत होती, तो तिला उचलेना.

सोनबाने सोगा खोचला. पायताण काढून बाजूला ठेवलं. गाळात उतरला, तिच्या हातातला दगड घेतला आणि कोंडिबाच्या टाचेच्या खुणेवर नेऊन ठेवला. खाली, हातभर गाळाखाली, खरा बांध कुठून जातो ते त्याच्या तळपायांना कळत होतं. सहा पावलं डाव्या अंगाला, आनंदरावांच्या बाजूला. तो पहारीने खड्डा करू लागला.

"तात्या, नीट ठोका हां," आनंदराव मायेने म्हणाले. "म्हशी हलीवत्यात."

ज्या कामाचा आरोप कचेरीत त्याच्यावर शाबीत झाला नव्हता, ते काम सोनबाने भर दुपारी, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत केलं. एक दगड, दुसरा, मग तिसरा. दगड कलू नये म्हणून त्याने चारी बाजूंनी गाळ टाचेने सावकाश दाबला.